खंडित नकाशापासून चित्रकोड्यापर्यंत : जिगसॉ कोड्याचा इतिहास, आकर्षण आणि ज्ञानव्यवहारातील स्थान

सारांश

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये भूगोलाच्या अध्यापनाचे साधन म्हणून प्रचारात आलेले जिगसॉ कोडे पुढील अडीच शतकांत मनोरंजन, उद्योग, मानसशास्त्रीय अभ्यास आणि अध्यापनतंत्र अशा विविध क्षेत्रांत पोहोचले. प्रस्तुत लेखात या प्रवासाचे प्रमुख टप्पे मांडले असून, त्याच्या आकर्षणाची कारणे तपासली आहेत. ज्ञान म्हणजे सुटे तुकडे जोडून पूर्ण होणारे चित्र, ही या कोड्यातून रूढ झालेली कल्पना इतिहासलेखनाला आणि अध्यापनाला कितपत लागू पडते, याचाही विचार येथे केला आहे.

बीजशब्द : जिगसॉ कोडे, खंडित नकाशा, भूगोलशिक्षण, महामंदी, सहकारी अध्ययन, इतिहासाची साधने

१. प्रस्तावना

खेळ आणि खेळणी यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी तुलनेने अलीकडची आहे. राजे, लढाया, तह आणि महसूल यांच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या. मुलांच्या हातातील वस्तू मात्र मोडल्या, हरवल्या वा टाकून दिल्या गेल्या. जिगसॉ कोड्याच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवते, कारण एक तुकडा हरवला तरी संपूर्ण कोडे निरुपयोगी ठरते. तरीही जे नमुने शिल्लक राहिले, त्यांवरून समाजाने मुलांना काय शिकवावयाचे ठरविले होते, फुरसतीचा वेळ कोणाला उपलब्ध होता आणि यंत्रयुगाने तो वेळ कसा विकावयास काढला, याविषयी बरेच काही समजते.

‘जिगसॉ’ हे मुळात एका करवतीचे नाव आहे. बारीक पात्याची, वरखाली वेगाने चालणारी ही करवत एकोणिसाव्या शतकात प्रचारात आली. कोड्याचा इतिहास मात्र त्यापूर्वीचा आहे. प्रारंभीची कोडी नक्षीकामाच्या हातकरवतीने कापली जात आणि त्यांना ‘खंडित नकाशे’ असे म्हटले जाई. ‘जिगसॉ कोडे’ हे नाव विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झाले. मराठीत ‘चित्रकोडे’ हा शब्द वापरला जातो. परंतु तो इतर प्रकारच्या कोड्यांनाही लावला जात असल्याने प्रस्तुत लेखात ‘जिगसॉ कोडे’ हीच संज्ञा स्वीकारली आहे.

२. खंडित नकाशांचा उदय

जिगसॉ कोड्याचा जनक म्हणून सामान्यतः जॉन स्पिल्सबरी (१७३९–१७६९) याचे नाव घेतले जाते. तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरण्याचे काम तो थॉमस जेफरीज या नकाशाकाराकडे उमेदवारी करून शिकला. जेफरीज हा तिसऱ्या जॉर्ज राजाचा भूगोलतज्ज्ञ म्हणून ओळखला जात असे. स्पिल्सबरीने पुढे लंडनमध्ये ड्रुरी लेनजवळील रसेल कोर्ट येथे स्वतःचा व्यवसाय थाटला. १७६०च्या सुमारास त्याने छापील नकाशा पातळ लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमारेषांवरून कापण्यास प्रारंभ केला. १७६३मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका व्यवसायसूचीत त्याची नोंद भूगोलाचे अध्यापन सुलभ करण्यासाठी लाकडी नकाशे कापणारा कारागीर अशी आढळते. जग, युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, इंग्लंड व वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड हे त्याच्या नकाशांचे विषय होते. समुद्राचा भाग वगळलेले नकाशे काहीशा कमी किमतीत मिळत. वयाची तिशी पूर्ण होत असतानाच त्याचे निधन झाले.

स्पिल्सबरीचे महत्त्व प्रथम सविस्तर मांडले ते लिंडा हॅनस यांनी १७६० ते १८९० या कालखंडातील इंग्रजी जिगसॉ कोड्यांवर १९७२मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात. त्यानंतरच्या संशोधनाने या चित्रात काही भर घातली आहे. लंडनमध्ये वास्तव्य करून उच्चभ्रू घरांतील मुलींना शिकविणाऱ्या जान-मारी लप्रँस द बोमाँ या फ्रेंच लेखिका-शिक्षिका अध्यापनात लाकडी नकाशांचा वापर करीत, याकडे जिल शेफ्रिन यांनी लक्ष वेधले. ‘सौंदर्यवती आणि पशू’ या परीकथेचे सर्वपरिचित रूप याच लेखिकेचे होय. यावरून एक बाब लक्षात येते. व्यापारी स्वरूपात हे साधन बाजारात आणण्याचे श्रेय स्पिल्सबरीकडे जात असले, तरी त्याची गरज आणि कदाचित त्याची कल्पनाही अध्यापनाच्या प्रत्यक्ष व्यवहारातून पुढे आली असावी. शोधाचे श्रेय कारागिराच्या दुकानाला मिळते आणि शिक्षिकेची खोली नोंदीबाहेर राहते, असे इतिहासात अनेकदा घडलेले आहे.

या साधनामागे एक वैचारिक भूमिकाही होती. जॉन लॉक याने शिक्षणविषयक विचारांच्या १६९३मधील आपल्या ग्रंथात मुलांवर शिक्षण लादू नये, ते खेळातून द्यावे, असे प्रतिपादन केले होते. अक्षरओळखीसाठी अक्षरे चिकटविलेल्या फाशांचा उपयोग त्याने सुचविला होता. अठराव्या शतकातील इंग्रज मध्यमवर्गाने आणि उमरावांनी हा विचार उचलून धरला. तिसऱ्या जॉर्जच्या मुलांच्या संगोपनाची व शिक्षणाची जबाबदारी १७६२पासून लेडी शार्लट फिंच यांच्याकडे होती. त्यांनी वापरलेले खंडित नकाशे महोगनी लाकडाच्या कपाटासह आजही जतन करण्यात आलेले आहेत. पुढे चौथा जॉर्ज व चौथा विल्यम म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रांच्या शिक्षणाशी या नकाशांचा संबंध आहे. कवी विल्यम कूपर याने १७८०मधील एका पत्रात अशाच नकाशांच्या साहाय्याने एका उमरावाच्या लहानग्या मुलाने मिळविलेल्या भूगोलज्ञानाचा उल्लेख केला आहे.

३. नकाशा, सत्ता आणि वर्ग

खंडित नकाशे ज्या काळात बाजारात आले, तो काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. सप्तवार्षिक युद्ध (१७५६–१७६३) चालू होते आणि त्याच्या आघाड्या युरोप, उत्तर अमेरिका आणि भारत येथे पसरल्या होत्या. १७६३च्या पॅरिसच्या तहाने कॅनडा ब्रिटिशांकडे गेला, तर भारतात पाँडिचेरीसारखी ठाणी फ्रेंचांना परत मिळाली. १७६५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी प्राप्त झाली. जगाच्या सीमा अशा रीतीने पुन्हा आखल्या जात असताना लंडनमधील संपन्न घरांतील मुले त्याच सीमांवरून कापलेले लाकडी तुकडे जागच्या जागी बसवीत होती. भावी राज्यकर्ते, अधिकारी, जमीनदार आणि व्यापारी यांच्या शिक्षणाचा तो भाग होता.

करवत कोठून फिरवावयाची, हा प्रश्न दिसतो तितका तांत्रिक नाही. पर्वतरांगा, नद्या वा भाषा यांच्या आधारे कापलेला नकाशा मुलांना एक जग शिकवितो. राज्यांच्या सीमांवरून कापलेला नकाशा दुसरे. स्पिल्सबरीने युरोपचा नकाशा राज्यांमध्ये विभागला. राज्य हे अखंड, कडा स्पष्ट असलेले आणि शेजाऱ्याशी नेमके जुळणारे एकक आहे, हा धडा मुलांच्या बोटांना आपोआप मिळत होता. या धड्यातील अपूर्णता इतिहासानेच दाखवून दिली. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा शेजारच्या सत्तांनी पोलंडचे लचके तोडले आणि ते राज्य राजकीय नकाशावरून नाहीसे झाले. १७६०च्या दशकात पोलंड बसविण्यास शिकलेल्या मुलांच्या मुलांसाठी कापलेल्या युरोपच्या नकाशात त्या राज्याला जागा उरली नव्हती.

हे साधन महाग होते. हाताने रंगविलेला नकाशा, चांगले लाकूड आणि प्रत्येक तुकड्यासाठी लागणारे कुशल श्रम यांमुळे सामान्य कष्टकरी कुटुंबाला ते परवडणे शक्य नव्हते. त्यामुळे खंडित नकाशा जोडता येणे ही वर्गाची खूणही बनली. जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ (१८१४) या कादंबरीत गरीब घरातून श्रीमंत नातेवाइकांकडे आलेल्या दहा वर्षांच्या फॅनी प्राइसला युरोपचा नकाशा जोडता येत नाही, याचे तिच्या बहिणींना नवल वाटते आणि त्या तिची टिंगल करतात. फॅनीच्या बुद्धीत काही उणे नाही, तिच्या घरी तसा नकाशा कधी आलाच नव्हता, हे त्या मुलींच्या ध्यानात येत नाही. ज्याला आपण ‘सामान्य ज्ञान’ म्हणतो ते अनेकदा उपलब्ध साधनांचे फलित असते, हे ऑस्टिनने एका प्रसंगातून दाखविले आहे. विविध सामाजिक स्तरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजणाऱ्या कोणत्याही शिक्षणव्यवस्थेला हा प्रसंग आजही विचार करावयास लावणारा आहे.

४. बोधाकडून मनोरंजनाकडे

अठराव्या शतकाच्या अखेरीस कोड्यांचे विषय विस्तारले. जॉन वॉलिस या प्रकाशकाने १७८८मध्ये इंग्लंडच्या इतिहासाची कालक्रमदर्शक सारणी कोड्याच्या रूपात प्रसिद्ध केली. राजांची मालिका, बायबलमधील कथा आणि नीतिबोधपर चित्रे यांचीही कोडी निघाली. विल्यम डार्टनसारखे बालसाहित्याचे प्रकाशक या व्यवसायात होते. भूगोलाच्या नकाशात तुकडा कोठे बसावयाचा हे सीमेवरून ठरत असे. इतिहासाच्या सारणीत ते कालक्रमावरून ठरू लागले. इतिहास म्हणजे योग्य क्रमाने बसविलेले राजे, ही समजूत दृढ होण्यास अशा साधनांनी हातभार लावला असल्यास नवल नाही.

एकोणिसाव्या शतकात रंगीत शिलामुद्रणामुळे आकर्षक चित्रे स्वस्तात उपलब्ध झाली. प्लायवुड आणि पुढे पुठ्ठा यांचा वापर सुरू झाला. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली, मॅक्लॉफलिन बंधू यांसारख्या उत्पादकांनी आगगाड्या, आगबोटी, प्राणी आणि परीकथा यांची कोडी मुलांसाठी काढली. बोधाची जागा हळूहळू करमणुकीने घेतली. तरीही शतक संपेपर्यंत जिगसॉ कोडे हे मुख्यतः मुलांचेच खेळणे राहिले.

हा समज १९०८च्या सुमारास मोडला. बॉस्टन आणि परिसरातील प्रौढांमध्ये लाकडी कोड्यांची मोठी लाट आली. ‘पार्कर ब्रदर्स’ या खेळ बनविणाऱ्या प्रसिद्ध कंपनीने १९०९मध्ये इतर खेळांचे उत्पादन थांबवून आपला कारखाना काही काळ केवळ जिगसॉ कोड्यांना वाहिला. या कोड्यांचे तुकडे कापण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. एका कामगार स्त्रीने दिवसाला सुमारे १४०० तुकडे कापावेत अशी अपेक्षा असे. या विषयाच्या अभ्यासक आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका अॅन विल्यम्स यांच्या मते, त्या वेळी ५०० तुकड्यांच्या लाकडी कोड्याची किंमत सुमारे पाच डॉलर होती, तर सर्वसाधारण कामगाराची मासिक कमाई सुमारे पन्नास डॉलर. कापणारे हात एका वर्गाचे आणि जोडणारे हात दुसऱ्या वर्गाचे, ही विभागणी या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

त्या काळातील कोडी आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होती. बहुतेक तुकडे एकमेकांत अडकत नसत. चुकून धक्का लागला तरी संध्याकाळभराचे काम विस्कटत असे. रंगांच्या सीमेवरूनच करवत फिरविली जात असल्यामुळे शेजारच्या तुकड्याचा रंग ओळखून अंदाज बांधता येत नसे. पेटीवर मार्गदर्शक चित्र नसे आणि कोड्याचे शीर्षक कधीकधी मुद्दाम संदिग्ध ठेवले जाई. शेवटचे काही तुकडे बसेपर्यंत चित्र नेमके कशाचे आहे, हे कळेलच असे नव्हते.

५. महामंदी आणि पुठ्ठ्याचे कोडे

१९२९नंतरच्या महामंदीने कोट्यवधी लोकांचा रोजगार हिरावून घेतला. नेमक्या याच काळात जिगसॉ कोड्याची दुसरी आणि सर्वांत मोठी लाट आली. पोलादी साच्याने एका दाबात संपूर्ण कोडे कापण्याचे तंत्र विकसित झाले होते. त्यामुळे प्रत्येक तुकड्यामागील श्रम जवळपास नाहीसे झाले आणि किंमत पाच डॉलरवरून काही सेंटांवर आली. १९३२च्या हिवाळ्यापूर्वीच अमेरिकेतील वृत्तपत्रविक्रेत्यांकडे दर आठवड्याला २५ सेंटांत नवे कोडे मिळू लागले. टूथब्रशसारख्या वस्तूंबरोबर जाहिरात म्हणून छोटी कोडी फुकट दिली गेली. १९३३च्या प्रारंभी ही लाट शिगेला पोहोचली तेव्हा अमेरिकेतील साप्ताहिक विक्री एक कोटी कोड्यांच्या घरात गेल्याचे विल्यम्स नमूद करतात.

हाताने कापलेली लाकडी कोडीही या काळात टिकून राहिली, परंतु वेगळ्या मार्गाने. काम गमावलेल्या अनेक कारागिरांनी घरच्या घरी कोडी कापण्यास प्रारंभ केला. पुस्तके भाड्याने देणारी वाचनालये आणि औषधांची दुकाने ती कोडी काही दिवसांच्या बोलीने भाड्याने देऊ लागली. ब्रिटनमध्ये ‘ग्रेट वेस्टर्न रेल्वे’ने १९२४ ते १९३९ या काळात आपल्या मार्गांवरील स्थळांची व आगगाड्यांची लाकडी कोडी ‘चॅड व्हॅली’ या कंपनीकडून तयार करून घेतली आणि प्रवासाची जाहिरात घराघरांतील टेबलांवर नेली.

महामंदीच्या काळात हे कोडे एवढे प्रिय का व्हावे? स्वस्ताई हे एक कारण. एकदा घेतलेले कोडे अख्ख्या कुटुंबाला अनेक संध्याकाळी पुरे आणि नंतर शेजाऱ्यांकडच्या कोड्याशी बदलता येई. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. कारखाना बंद का पडला, बँकेतील ठेव कोठे गेली, पुढील महिन्याचे भाडे कसे द्यावयाचे, या प्रश्नांना ज्या माणसांजवळ उत्तर नव्हते, त्यांच्यापुढे हे कोडे एक असा प्रश्न ठेवीत होते की, ज्याचे उत्तर निश्चित होते आणि ते आपल्याच हातांनी गाठता येत होते. सगळे तुकडे पेटीत आहेत, प्रत्येकाला जागा आहे आणि चिकाटी धरली तर चित्र पूर्ण होणारच, हा विश्वास त्या दिवसांत अन्यत्र दुर्मीळ होता. २०२०मध्ये कोविड-१९च्या टाळेबंदीत अनेक देशांत जिगसॉ कोड्यांची मागणी एकाएकी वाढली आणि उत्पादकांना पुरवठा करणे कठीण झाले, त्यामागेही याच स्वरूपाची मानसिकता असावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरीचे दर वाढत गेले तशी हाताने कापलेली लाकडी कोडी मागे पडली. पुठ्ठ्याच्या कोड्यांचा दर्जा मात्र सुधारत गेला. १९६४मध्ये ‘स्प्रिंगबॉक’ या कंपनीने जॅक्सन पोलॉक या अमूर्त चित्रकाराच्या ‘कन्व्हर्जन्स’ या चित्राचे ३४० तुकड्यांचे कोडे बाजारात आणले. जेथे आकृतीच ओळखता येत नाही तेथे ती जोडावयाची कशी, हे आव्हान ग्राहकांनी आनंदाने स्वीकारले. १८८३मध्ये स्थापन झालेल्या जर्मनीतील ‘रावेन्सबुर्गर’ या प्रकाशनसंस्थेनेही १९६०च्या दशकात या क्षेत्रात पाऊल टाकले आणि पुढे ती जगातील अग्रगण्य उत्पादकांपैकी एक बनली. सप्टेंबर २०११मध्ये व्हिएतनाममधील हो चि मिन्ह सिटी अर्थशास्त्र विद्यापीठाच्या सुमारे १६०० विद्यार्थ्यांनी ५,५१,२३२ तुकड्यांचे कोडे जोडून विक्रम नोंदविला. २०१९पासून स्पेनमधील व्हायादोलिद येथे जागतिक स्पर्धाही सुरू झाली.

६. आकर्षणाची मीमांसा

अपूर्ण आकृती पूर्ण पाहण्याकडे मनाचा कल असतो, हे गेस्टाल्ट मानसशास्त्राचे एक प्रसिद्ध प्रतिपादन आहे. जिगसॉ कोड्यात ही पूर्णता पायरीपायरीने मिळते. एक तुकडा बसला की लहानसे समाधान मिळते आणि त्याच तुकड्याने मोकळी केलेली पुढील कड नवा प्रश्न उभा करते. आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसला की माणूस कामात तल्लीन होतो, या मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या सिद्धांताचे उदाहरण म्हणूनही या खेळाकडे पाहता येते. स्वतःला झेपेल तेवढे अवघड कोडे निवडण्याची मुभा येथे प्रत्येकाला असते.

शैक्षणिक उपयुक्ततेविषयी काही अभ्यास उपलब्ध आहेत. सुसान लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ मुलांचे, ती २६ ते ४६ महिन्यांची असताना, त्यांच्या घरी निरीक्षण केले. या काळात कोडी जोडणाऱ्या मुलांची अवकाशीय आकलनक्षमता साडेचार वर्षांच्या वयात इतर मुलांपेक्षा चांगली असल्याचे आढळले. अर्थात, हा सहसंबंध आहे. कोड्यांमुळेच क्षमता वाढली असे त्यावरून सिद्ध होत नाही. जर्मनीत पन्नाशी ओलांडलेल्या १०० व्यक्तींवर झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात महिनाभर रोज तासभर कोडी जोडल्याने बौद्धिक क्षमतेत उल्लेखनीय वाढ झाल्याचे दिसले नाही. मात्र आयुष्यभर कोडी जोडण्याचा अनुभव आणि चांगली बौद्धिक क्षमता यांचा संबंध आढळला. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून होणाऱ्या जाहिरातींपेक्षा हे निष्कर्ष बरेच सावध आहेत.

आकर्षणाचे आणखी एक अंग फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज पेरेक याने ‘जीवन : उपयोगाची रीत’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या १९७८मधील कादंबरीत उलगडले. तिच्यातील बार्टलबूथ हा धनिक दहा वर्षे जलरंग शिकतो, वीस वर्षे जगभरच्या बंदरांची ५०० चित्रे रंगवितो आणि एका कुशल कारागिराकडून त्यांची कोडी कापून घेऊन पुढील वीस वर्षांत ती जोडण्याचे ठरवितो. अखेरीस तो एका कोड्यापुढे बसलेला असताना मरण पावतो. हातातील तुकडा आणि उरलेली जागा यांचे आकार जुळत नाहीत. कोडे एकट्याने जोडले जात असले तरी तो खेळ एकट्याचा नसतो, कापणाऱ्याने प्रत्येक वळण आधीच योजलेले असते, ही पेरेकची दृष्टी महत्त्वाची आहे. कोडे सोडविणारा आपल्या बुद्धीने वाट शोधतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या चुकाही दुसऱ्या कोणीतरी आखून ठेवलेल्या असतात.

७. ज्ञानाची उपमा आणि तिच्या मर्यादा

विज्ञानेतिहासकार थॉमस कून याने १९६२मधील ‘वैज्ञानिक क्रांतीची संरचना’ या अर्थाच्या आपल्या ग्रंथात नेहमीच्या वैज्ञानिक संशोधनाची तुलना कोडी सोडविण्याशी केली आणि त्यात जिगसॉ कोड्याचे उदाहरण दिले. तुकड्यांपासून कोणतेही आकर्षक चित्र तयार करणे म्हणजे कोडे सोडविणे नव्हे; सर्व तुकडे वापरले पाहिजेत, कोऱ्या बाजू खाली असल्या पाहिजेत, तुकडे बळाने दाबून बसविता कामा नयेत. नियम मान्य असतात आणि उत्तर आहे याची खात्री असते, म्हणूनच संशोधक चिकाटीने काम करतो. ती खात्री ढळते तेव्हा क्रांतीची परिस्थिती निर्माण होते.

इतिहासलेखनालाही ही उपमा वारंवार लावली जाते. काही ठिकाणी ती शब्दशः खरी ठरते. रोममध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या कारकिर्दीत, इ.स. २०३ ते २११च्या दरम्यान, शहराचा प्रचंड नकाशा संगमरवरी फरशांवर कोरून एका भिंतीवर बसविण्यात आला होता. पुढे तो फुटला आणि त्याचा बराचसा संगमरवर अन्य कामांसाठी वापरला गेला. १५६२मध्ये त्याचे अवशेष सापडू लागले. आज अकराशेहून अधिक तुकडे उपलब्ध आहेत, पण ते मूळ नकाशाच्या जेमतेम दहावा हिस्सा किंवा थोडे अधिक भरतात. विद्वानांनी शतकानुशतके आणि अलीकडे संगणकाच्या साहाय्याने हे तुकडे जुळविण्याचे काम केले. तरी अनेकांची जागा अद्याप निश्चित झालेली नाही.

दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९८९–९०मध्ये पूर्व जर्मनीतील राजवट कोसळत असताना ‘श्टाझी’ या गुप्तपोलीस खात्याच्या अधिकाऱ्यांनी नागरिकांवर पाळत ठेवल्याच्या नोंदी नष्ट करण्याचा प्रयत्न केला. कागद फाडण्याची यंत्रे अपुरी पडली तेव्हा ते हातांनी फाडले गेले. नागरिकांनी कार्यालयांचा ताबा घेतल्यामुळे सुमारे १६,००० पोती भरून तुकडे वाचले. १९९५पासून न्यूरेनबर्गजवळील झिर्नडोर्फ येथे ते हातांनी जुळविण्याचे काम सुरू झाले आणि त्यातून पंधरा लाखांहून अधिक पृष्ठे पुन्हा उभी राहिली. २००७पासून त्यासाठी संगणक-प्रणालीचाही प्रयोग करण्यात आला. परंतु अपेक्षित वेग साध्य झाला नाही आणि बहुसंख्य पोती तशीच राहिली. येथे एका जुळलेल्या कागदावर कोणाच्या शेजाऱ्याचे, मित्राचे वा सहकाऱ्याचे नाव खबऱ्या म्हणून निघू शकते. स्वतःविषयीची नोंद पाहण्याचा नागरिकांचा हक्क जर्मनीने १९९१च्या कायद्याने मान्य केला. तो हक्क प्रत्यक्षात येणे हे कोणीतरी संयमाने कडेला कड लावून पाहण्यावर अवलंबून आहे.

मात्र या दोन उदाहरणांतूनच उपमेची मर्यादाही दिसते. विकत घेतलेल्या कोड्यात सर्व तुकडे असतात, एकाच चित्राचे असतात आणि प्रत्येकाला एकच जागा असते. इतिहासाच्या साधनांना यांतील एकही अट लागू होत नाही. तुकडे हरवलेले असतात. अनेक चित्रांचे तुकडे एकाच ढिगात मिसळलेले असतात. एकच कागद वेगवेगळ्या प्रश्नांच्या संदर्भात वेगवेगळ्या ठिकाणी बसतो. शिवाय कोणते तुकडे उरावेत, हे पुष्कळदा फाडणाऱ्यानेच ठरविलेले असते. फाडलेला कागद जोडला की कागद पूर्ण होतो. त्यावर लिहिलेले खरे आहे का, हा प्रश्न तेथून सुरू होतो. पेटीवर चित्र आधीच छापलेले आहे असे गृहीत धरून जो इतिहासकार साधने जुळवू लागतो, तो न बसणारे तुकडे बाजूला टाकण्याचा किंवा दाबून बसविण्याचा धोका पत्करतो.

८. वर्गातील जिगसॉ

शिक्षणक्षेत्रात या कोड्याने एका अध्यापनतंत्राला नाव दिले. १९७१मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात शाळांमधील वांशिक विभाजन संपुष्टात आणले जात असताना श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी प्रथमच एका वर्गात आले आणि तणाव निर्माण झाला. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गातील स्पर्धेचे वातावरण बदलण्यासाठी पाठाचे भाग केले आणि पाच-सहा जणांच्या मिश्र गटातील प्रत्येक विद्यार्थ्याकडे एकेक भाग सोपविला. एकच भाग मिळालेले विविध गटांतील विद्यार्थी प्रथम एकत्र बसून त्याची तयारी करीत आणि नंतर आपापल्या गटात परतून तो इतरांना शिकवीत. ज्या मुलाकडे गटाने दुर्लक्ष केले असते, त्याच्याजवळील तुकड्यावाचून आता कोणाचाच पाठ पूर्ण होत नव्हता. अध्यापक-शिक्षणात सहकारी अध्ययन शिकविताना आज या ‘जिगसॉ’ तंत्राचा उल्लेख हमखास केला जातो.

खंडित नकाशापुढे फॅनी प्राइस हसण्याचा विषय ठरली होती, कारण तेथे प्रत्येकाने संपूर्ण चित्र एकट्याने जोडून दाखवावयाचे होते. अॅरन्सन यांच्या वर्गात तिच्या हातातही एक तुकडा असता. साधन तेच, परंतु तुकडे कोणाच्या हाती द्यावयाचे या एका निर्णयाने त्याचा सामाजिक परिणाम उलटतो.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. जिगसॉ कोडे हे जन्मतः शैक्षणिक साधन होते आणि त्यातील सीमारेषा तत्कालीन राजकीय दृष्टीने ठरलेल्या होत्या. त्याचे मनोरंजनात झालेले रूपांतर मुद्रण आणि कापणी यांच्या तंत्रातील बदलांमुळे शक्य झाले. त्याची लोकप्रियता मात्र महामंदी, महामारी यांसारख्या अनिश्चिततेच्या काळात विशेष वाढली. निश्चित उत्तर असलेल्या प्रश्नाचे समाधान हे त्याच्या आकर्षणाचे मूळ होय.

हेच समाधान अध्यापनात मात्र जपून वापरावे लागते. तयार उत्तराकडे नेणारे पाठ विद्यार्थ्यांना आत्मविश्वास देतात आणि प्रारंभिक टप्प्यावर त्यांची गरजही असते. पण पदवी आणि पदव्युत्तर स्तरावरील विद्यार्थ्याला जर सदैव पेटीवरचे चित्र पाहूनच तुकडे बसविण्याची सवय लागली, तर ज्या प्रश्नाचे चित्र अद्याप कोणीच पाहिलेले नाही त्यापुढे तो थबकतो. इतिहासाच्या अध्यापकाने विद्यार्थ्यासमोर न बसणारा एखादा तुकडाही ठेवला पाहिजे आणि हा कोणी कापला, केव्हा कापला, येथे कसा आला, असे विचारण्याची मोकळीक त्याला दिली पाहिजे. रोमच्या नकाशाचे आणि झिर्नडोर्फच्या पोत्यांचे काम करणाऱ्या अभ्यासकांना चित्र पूर्ण होईल याची हमी कोणीही दिलेली नव्हती; तरीही त्यांनी तुकड्यांची नोंद केली, चुकीची जुळणी उलगडली आणि उरलेली जागा रिकामी म्हणून दाखविली. विद्यार्थ्यांना द्यावयाचे प्रशिक्षण या प्रकारचे असावे.